मलिद्याचं पान

“बुवा, तुम्हीच सांगा! असल्या पानावर मी जेवायचं?”

दाजीबांचा आवाज पार परसदारापर्यंत गेला. दिवाळीचा पहिला दिवस, पानांत चार तऱ्हेचे पोहे, आणि यजमान उठायच्या बेतात! बारा वर्षं बुवांचे शिष्य म्हणे. अक्कल मात्र होती तिथंच.

कारण एवढंच, की पानात मलिदा होता. नवी सून मिर्यम रेवदंड्याच्या बेने इस्राएली ज्यू घरातली. तिच्या माहेरी आनंदाच्या दिवशी पोह्यांत गूळ-खोबरं कालवून मलिदा करतात. तिनं तो केला आणि सगळ्यांना वाढला.

“मामंजी,” ती दारातून म्हणाली, “मलिदा नको असेल तर मीही नको. आज नाही, पुढंही नाही.”

मुलगा मुकाट्यानं तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पण माघार घेतील तर ते दाजीबा कसले!

“आमच्या कुळात असलं नव्हतं!”

“नव्हतं ना? मग काढू.”

बुवांनी दाजीबांच्या पानातला मलिदा उचलून आपल्या पानात घेतला. दाजीबा खूश झाले.

“हे चिंचेचे पोहे कुणाचे?”

“आजीचे. ती तंजावरची.”

बुवांनी तेही उचलले.

“बडीशेपेचे?”

“आईचे... इंदूरची होती.”

तेही गेले.

“आणि हे नारळाच्या रसातले?”

दाजीबा बोटानं पोहे चिवडू लागले. त्यांच्या कारवारच्या पत्नी काशीबाई पदर खोचून समोर उभ्या होत्या.

“सांगा की! चाळीस वर्षं बोटं चाटताय, आता वाचा बसली?”

तेही गेले. पुढ्यात नुसतं केळीचं पान उरलं.

“हे तुझ्या कुळाचं,” बुवा म्हणाले, आणि मलिद्याचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला.

दाजीबा पानाकडे बघत राहिले. पहाटेच्या अभ्यंगस्नानापासून पोटात कण नव्हता. भूक सपाटून लागली होती, आणि भुकेहून जास्त लाज वाटत होती.

“चुकलो, बुवा... वाढा आता.”

बुवांनी मान वर केली नाही.

“मी कोण वाढणारा? सुनेपुढं पान धर. वाढायचं की नाही, ते ती ठरवील.”