उशाखालच्या वहाणा

"मग आजपासून दाराला बाहेरून कुलूप घालू ना, बुवा?"

सोमगिरी बुवा धुनीतली राख उकरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

श्रीरंगला खरं तर सल्ला नको होता, होकार हवा होता. मठात येणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांचं बहुधा असंच असतं. प्रश्न घेऊन येतात आणि उत्तरही घरूनच बांधून आणतात.

"कुलूप कशाला?" बुवांनी विचारलं.

"भज्या पळाला."

भज्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. स्टेशनावरच्या भज्यांच्या गाडीखाली सापडला, म्हणून भज्या. वय असेल आठ-नऊ. रेल्वेच्या फलाटावर वाढणाऱ्या अशा पोरांसाठी श्रीरंगनं गल्लीतल्या लोकांना हाताशी धरून एक घर उभं केलं होतं. पडीक गोदाम सगळ्यांनी मिळून झाडलं, कुणी पत्रे दिले, कुणी भांडी दिली. महिला मंडळाच्या बायका आळीपाळीनं पोळ्या लाटून आणत. घराचं नाव ठेवलं 'ओसरी'. हायस्कुलात शिकवणाऱ्या श्रीरंगला त्या घराचा अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

"कधी पळाला?"

"सकाळी उठून पाहतो तर नाही. दिवसभर शोधतोय. फलाट, पूल, मालधक्का, सगळं पालथं घातलं... तेही अनवाणी गेलाय."

"अनवाणी का?"

श्रीरंगनं घसा साफ केला. ही गोष्ट त्यानं आजवर बऱ्याच जणांना कौतुकानं सांगितली होती.

"फलाटावरची खोड, बुवा. चपला उशाखाली घेऊन झोपतात. धुतलेली चादर, धुतलेली उशी, आणि तिच्याखाली ती घाण! मग मी नियमच केला. दिवे लागले की सगळ्यांच्या चपला कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात. चपला आत म्हणजे पोरंही आत."

"भज्या ऐकायचा?"

"ऐकायचा. पण नियम केल्यापासून त्याची झोपच उडाली. रात्रभर टक्क जागा. आम्ही डॉक्टरलासुद्धा दाखवलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आजार काही नाही म्हणाले."

बुवांनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

"स्टेशनावर एक माणूस फिरतोय," श्रीरंगचा आवाज खाली आला. "सफारी घालतो. पोरांना वडापाव खाऊ घालतो, शहरात कामाला लावतो म्हणतो. पुलाखालची एक मुलगी त्याच्यासोबत गेली, ती परत आलीच नाही. आज दुपारी तो फलाटावर नव्हता, बुवा. आणि भज्याही नाही..."

वाक्य अर्धंच टाकून तो धुनीच्या आणखी जवळ सरकला.

"मला भीती वाटते, बुवा."

"मलाही वाटते."

हे श्रीरंगला अपेक्षित नव्हतं. कॉलेजात असल्यापासून तो या मठात येत होता. बुवांना कशाची भीती वाटत असेल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"दिवा लावून येतो," असं म्हणून बुवा उठले.

ते बराच वेळ आले नाहीत. आत कुठंतरी पेटीचं झाकण वाजलं. मग कंदील घेऊन आले आणि पुन्हा धुनीपाशी बसले.

श्रीरंग उठला. अंधारायच्या आत पुलाखाली आणखी एकदा पाहून यायचं होतं. तो पायरीपाशी गेला आणि थबकला.

"बुवा, माझ्या चपला?"

"पेटीत ठेवल्या."

"पेटीत?"

"कुलूप घातलंय."

"का?"

"वाट बाभळीतून जाते. काट्यांचा सडा पडलाय. अंधार पडला की फुरशासारखे विषारी साप निघतात. तुझं काही बरंवाईट झालं तर? इथं सुरक्षित आहेस."

श्रीरंग कसाबसा हसला. "चेष्टा पुरे, बुवा."

"चेष्टा नाही. काळजी वाटते."

श्रीरंगनं बाहेर पाहिलं. बाभळी काळ्या पडत चालल्या होत्या. झाडांत काहीतरी सरसरलं आणि गप्प झालं. पायाखालची फरशी गार लागली. इतकी वर्षं ज्या मठात तो बिनघोर येऊन बसे, तोच मठ एकाएकी परका वाटू लागला. त्यानं बुवांकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच मायेनं बघत होते, आणि तेच त्याला जास्त भेसूर वाटलं. मायेनं बघणाऱ्या माणसाचीही भीती वाटू शकते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

"बुवा... द्या ना माझ्या चपला."

आवाज त्याचाच होता, पण फार बारीक निघाला.

"कुठं जायचंय?"

"कुठंही नाही! बसतो मी इथंच. पण आधी द्या!"

बुवांनी कमरेच्या करदोट्याची किल्ली सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

श्रीरंगनं जाऊन पेटी उघडली. चपला काढल्या, पण घातल्या नाहीत. त्या छातीशी धरून तसाच उभा राहिला.

तो बाहेर आला तेव्हा कंदिलाच्या उजेडात बुवांचे पाय दिसले. उघडे, भेगाळलेले. एका टाचेतून रक्त आलं होतं.

"बुवा... तुमच्या वहाणा कुठं आहेत?"

बुवांनी कंदील उचलला आणि मठाच्या मागच्या पडवीकडे चालू लागले.

पडवीत गोणपाटावर भज्या झोपला होता. पायांना हळद लावून फडकी बांधलेली. तोंड उघडं, लाळ गळतेय, पोट संथ वरखाली होतंय. डोक्याखाली बुवांच्या जाडजूड वहाणा. त्यातल्या एकीचा अंगठा त्यानं मुठीत धरला होता.

श्रीरंग पोराजवळ बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सकाळी आला," बुवा हळूच म्हणाले. "काटे काढताना हूं की चूं केलं नाही. वहाणा दिल्या तेव्हा रडला."

"आणि तुम्ही मला इतका वेळ..."

"तू कुलपाचं विचारलंस."

श्रीरंगला रागही आला आणि लाजही वाटली. त्यानं डोळे पुसले आणि पोराला उचलायला वाकला. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे."

"बुवा, पडवीला दार नाही. वहाणा उशाखाली. जाग आली की पुन्हा पळेल हा!"

"पळेल."

"बाहेर तो माणूस आहे..."

"आहे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मघाशीच सांगितलं. वाटते."

"मग...?"

बुवांनी कंदिलाची वात बारीक केली.

"पळता येतं, म्हणून तर झोप लागलीय त्याला."