पायडलवरचा नैवेद्य

विळीवर नारळ खवताना शेवंतीची बोटं सोलून निघत. म्हणून तिने जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर फिरणाऱ्या चाकाला खवणीचं दातेरी पातं जोडलं. आता जत्रेच्या नैवेद्याचे नारळ खवायचं काम मिळालं, तर तान्ह्या लेकीला सोडून दुसऱ्यांच्या बागेत राबायला जायला नको होतं.

पण ती काम मागायला गेली, तेव्हा आबा मानकरी भर देवळात कडाडले, "पायाने खवलेलं खोबरं देवाला? बाटवशील गो सगळं!"

शेवंतीने गाभाऱ्यातल्या समईकडे बोट केलं. "आबा, समईतलं खोबरेल बैलघाण्याचंच ना? मग बैल काय घाणा हाताने फिरवतो?"

गुरव खो खो हसला. आबा समईकडे बघत राहिले.

"सकाळी नारळ धाडतो," ते पुटपुटले. "पण पाय धुऊन बस हो!"

"बैलापेक्षा स्वच्छ धुते, आबा!"