कावळ्याची सवड

टिपणीस साहेबांनी कारखान्यातल्या बैठकांच्या वेळा ठरवायचं काम एआय सहायकावर सोपवलं होतं. त्याने फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या जालिंदरची सुरक्षेची बैठक गुरुवारी सकाळी लावली. नेमका तेव्हाच जालिंदरच्या थोरल्या भावाचा दहावा होता आणि पिंड त्यानेच ठेवायचा होता.

“दहावा दुपारी करा की,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. “हा सहायक प्रत्येकाची सवड बघून वेळ जुळवतो. याचा शब्द मीसुद्धा मोडत नाही.”

जालिंदरचे डोळे भरून आले, पण जीभ थांबली नाही. “मग आमच्या मुख्य पाहुण्याचीही सवड विचारा साहेब. तो आल्याशिवाय घाटावरून कोणी हलत नाही.”

“नाव सांग त्याचं.”

“कावळा.”

साहेब हसले आणि गंमत म्हणून त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहून विचारलं. लगेच उत्तर आलं : ‘या पाहुण्याची वेळ आपल्याला ठरवता येणार नाही. म्हणून बैठक शुक्रवारी ठेवली आहे.’

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी जालिंदरच्या सुट्टीच्या अर्जावर सही केली.

गुरुवारी घाटावर कावळा दोन तास फिरकला नाही. जालिंदरला कसलीच घाई नव्हती.