कागदखिंडीची कथा

ही जी समोर बांधाला खिंड दिसते ना, तिला आम्ही कागदखिंड म्हणतो. वाकतळ्याचा बांध दोन्ही बाजूंना अजून धड उभा आहे, फक्त मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. पावसाळ्यात सकाळी धुकं या खिंडीतून हळूहळू खाली उतरतं आणि खालच्या तिन्ही वस्त्या त्यात बुडून जातात. पाहणाऱ्याला वाटावं, तळं पुन्हा भरलंय. बसा इथे कातळावर, म्हणजे नीट दिसेल.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या मुलखाच्या देशमुखांकडे नरहरपंत नावाचे चिटणीस होते. त्यांचं अक्षर असं, की कागद हातात घेणारा आधी नुसता पाहतच राही, असे सांगतात. एका वर्षी बारा दिवस पाऊस खळला नाही आणि बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं. राखणदाराने वर्दी दिली की उद्याची सांज काही बांध बघत नाही. देशमुखांनी पंतांना बोलावून सांगितलं, "खालच्या तिन्ही वस्त्यांना लिहा. उद्या दुपारच्या आत सगळे टेकडीवर यायला हवेत."

पंतांनी एकच मजकूर तीनदा उतरवला. 'जलाशयाचा सेतू विदीर्ण होण्याच्या अवस्थेस पातला असल्याकारणे समस्त रयतेने शिखराश्रय करावा.' जासुदांनी तो वस्त्यावस्त्यांत मोठ्याने वाचला आणि कागद तिथेच ठेवून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत टेकडीवर येऊन उभे राहिले. वर कोणीच आलं नव्हतं. खाली धुक्यातून चुलींचा धूर निघत होता, कुठेतरी जातं फिरत होतं. पंत तसेच चिखल तुडवत खाली धावले.

पहिला लागला धनगरवाडा. तिथे त्यांचा कागद खांबाला बांधलेला, वर हळदकुंकू वाहिलेलं. वाड्यातली जाणती बाई लगमाबाई पुढे आली. हात जोडून म्हणाली, "पंत, तुमचा कागद ऐकताना डोळ्यांत पाणी आलं बगा. देवच बोलतोय असं वाटलं. म्हनून पुजला."

"अगं बाई, त्यात वस्ती सोडा असं लिहिलंय!"

लगमाबाईने खांबावरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग तसंच का न्हाई लिव्हलं?"

आयुष्यभर पंतांनी अक्षरांकडे पाहिलं होतं, ऐकणाऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ते मान वर करून तिच्याकडे, तिच्या मेंढरांकडे पाहू लागले. म्हणाले, "लगमाबाई, बांध फुटतोय. तळं आज लांडग्यासारखं अंगावर येणार. मेंढरं वर काढा." तिने पुढे एक शब्द विचारला नाही. शीळ घातली आणि सगळा कळप हलला.

पुढची वस्ती कोळ्यांची. बांध फुटतोय हे ऐकून ते हसू लागले. "पंत, आम्ही पाण्यातच वाढलो. आम्हाला पाण्याचं भय?" पंत वस्तीपुढे उलट्या घातलेल्या होड्यांपाशी थांबले. "दादांनो, हे पाणी होडी उचलणारं नाही, फोडणारं आहे. जाळी राहू द्या, पोरं उचला." हसणारे एकमेकांकडे पाहू लागले. मग ज्याने त्याने आपलं पोर खांद्यावर घेतलं.

कुंभारआळीत पंत पोचले तेव्हा आळी मोकळी झाली होती. पळणाऱ्यांचा गलका ऐकून कुंभारही निघाले होते. फक्त एका झोपडीत चाक फिरत होतं. राही कुंभारीण जन्माची बहिरी. तिला गलका कुठून कळणार? पंतांनी हातवारे केले, ती नुसती हसली. ओल्या मातीवर त्यांनी बोटाने अक्षरं काढली, पण तिला वाचता येत नव्हतं. शेवटी त्यांनी एक मडकं पाण्याने भरून तिच्यापुढे ठेवलं आणि बुडाशी दगड मारला. पाणी राहीच्या पायांपर्यंत आलं. पंतांनी वर बांधाकडे बोट केलं. राही त्या बोटाकडे पाहत राहिली, मग चाकावरून हात काढून उठली.

अर्ध्या चढावर पंत मागे वळून उभे राहिले. धुक्यात त्यांना काहीच दिसत नव्हतं, काही ऐकूही येत नव्हतं. पण राहीच्या तळपायांना जमिनीची थरथर आधी कळली, म्हणे. तिने त्यांचं मनगट धरून असं काही ओढलं की दोघंही वर कातळावर येऊन पडली. मग बांध फुटल्याचा आवाज आला. ते नुकते जिथे उभे होते, तिथून पाणी वाहू लागलं.

झोपड्या गेल्या, होड्या गेल्या, पण माणूस एकही गेलं नाही. पंतांनी देशमुखांची चाकरी सोडली आणि इथेच राहिले. ज्याच्यासाठी कागद लिहायचा, त्याच्याशेजारी आधी घटकाभर बसल्याशिवाय त्यांनी पुन्हा लेखणी उचलली नाही, असे सांगतात.

आजही आमच्या पंचायतीची कुठलीही नोटीस आधी या कातळावर वाचली जाते. ऐकणाऱ्यांतलं सगळ्यात वडीलधारं माणूस "कळलं" म्हणेपर्यंत तिच्यावर शिक्का बसत नाही. गेल्या साली पाणीपुरवठ्याची एक नोटीस चार वेळा लिहावी लागली. पहिल्यांदा ती दोन पानी होती. चौथ्यांदा दोन ओळींची झाली, आणि सगळे पाणी भरायला वेळेवर आले.