म्हशीच्या कानामागचा धडा

पाखरांची शाळा भरायची त्या काळातली गोष्ट. भारद्वाज गुरुजींकडे सगळी विद्या शिकून साळुंकी तळ्यावरच्या म्हशीकडे कामाला गेली. काम मिळालं की तिच्या पोटाची काळजी मिटणार होती.

म्हैस म्हणाली, "कानामागचे गोचीड काढता येतात का गं?"

साळुंकी गोंधळली. किड्यांची कुळं तिला तोंडपाठ होती, पण कानामागचं कुणी शिकवलंच नव्हतं. ती परत गुरुजींकडे आली. गुरुजींनी मग घाईने एक छोटा धडा तयार केला, वडाच्या बुंध्यावर तिच्याकडून चोच मारायचा सराव करून घेतला आणि धडा शिकल्याची खूण म्हणून तिच्या गळ्यात पिंपळपान बांधलं. "हे बघून म्हैस नाही म्हणायची नाही."

गुरुजींसोबत तळ्यावर परत येऊन साळुंकीने म्हशीच्या कानामागे चोच मारली, तोच म्हशीने कान फडफडवला. साळुंकी चिखलात.

"गुरुजी, पान तर होतं की माझ्याकडे! मग चुकलं कुठं?"

गुरुजींनाही कळेना. "बुंधा तर कधी हलला नाही," ते पुटपुटले.

"अहो, बुंध्याला गुदगुल्या होतात का?" म्हैस हसली. "धडा तयार करताना मला विचारायचं होतं."

 मग गुरुजी साळुंकीला घेऊन स्वतःच म्हशीच्या पाठीवर बसले. "हलवा कान, म्हैसबाई."

कान हलला आणि गुरुजी धपकन खाली आले. साळुंकीला हसावं की धावावं सुचेना.

चिखलातूनच गुरुजी ओरडले, "तू धरून राहा पोरी! म्हैसबाई, अजून एकदा हलवा. आत्ता कुठे कळायला लागलंय."