एकही ओरखडा नसलेली

दिग्दर्शक भालचंद्र उमराणीकर रविवारच्या जुन्या बाजारात दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले, ते मोठ्या ऐटीत. पुन्हा मात्र ते तिकडे कधी फिरकले नाहीत.

हौसामावशी ताडपत्री अंथरून जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी विकायच्या. उमराणीकर एकेक चकती उन्हात धरत आणि ढिगावर परत टाकत. "हिच्यावर ओरखडे. हिच्यावरही! मावशी, हा काय माल झाला? एकही ओरखडा नसलेली दाखवा!"

"लोकांनी पुन्हापुन्हा लावून बघितल्यात, साहेब. ओरखडे पडणारच." मावशींनी त्यांचा चेहरा नीट निरखला आणि खोक्याच्या तळातून एक डीव्हीडी काढली. "ही घ्या. चरा दाखवा बरं."

चकती आरशासारखी लखलखत होती. उमराणीकर खूश झाले. मग त्यांनी कव्हर उलटलं. मागे त्यांचाच फोटो होता आणि खाली त्यांचंच नाव.

विद्यार्थी जमिनीकडे बघू लागले. चकतीत उमराणीकरांना स्वतःचे लाल झालेले कान दिसले. कसंबसं ते पुटपुटले, "तुम्ही तरी हा सिनेमा बघितलात ना, मावशी?"

"बघितला असता," मावशी म्हणाल्या, "तर चकती एवढी कोरी राहिली असती का, साहेब?"