वाळ्याची जुडी

तापीकाठच्या निंबोळे गावी हरकनाथ महाराज त्या उन्हाळ्यात केशवराजाच्या देवळात उतरले होते. महाराजांना प्रश्न विचारण्याची भारी हौस. दिसेल ते पान चुरगळायचे, हुंगायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, "वास राहतो तरी कुठे हो?" लोक सांगत, मोगऱ्याचा पाकळीत, लिंबाचा सालीत, ओव्याचा दाण्यात. मग महाराज आणखीच कोड्यात पडत. मोगरा न मागता वास देतो, तुळस चुरगळल्यावर, चंदन उगाळल्यावर आणि धूप तर जाळल्यावर, असे का? ओव्याने पोट राखायचे, कापराने कपडे, ही कामे त्यांना वाटून कोणी दिली? एवढा मोठा पुरुष, पण झुडपापाशी लहान मुलासारखा रमे. गावाला त्याचे हसू येई आणि कौतुकही वाटे.

चैत्रात देवाला चंदनाची उटी लावतात. उटीतले अत्तर भट्टीवाल्या भिकनशेटचे असे. भट्टीतून पहिले उतरलेले अत्तर देवाचे, आणि हुंगलेली वस्तू देवाला चालत नाही, म्हणून ते बाटलीत भरून लगेच मेणाने बंद करीत. शेटना त्या बाटलीचा फार तोरा होता.

सुपडाबाई नावाची एक गरीब विधवा उटीच्या दिवशी वाळ्याच्या मुळ्यांची जुडी घेऊन देवळात आली. तिचा नवरा दरवर्षी देवापाशी वाळा ठेवी. मरताना त्याने तिच्याकडून वचन घेतले होते की, देवाचा वाळा चुकवायचा नाही. शेटनी पायरीवरच तिच्या हातातली जुडी घेतली, नाकाला लावली आणि चारचौघांत हसले. या काड्यांना वास कसला, म्हणाले. मग जुडी खाली टाकून म्हणाले, "आता तर हुंगून उष्टी झाली. देवाला चालायची नाही."

सुपडाबाईला रडू कोसळले. नवऱ्याला दिलेला शब्द तिच्या डोळ्यांदेखत मोडला होता. जुडी उचलण्याचेही तिला भान राहिले नाही.

आत पुजाऱ्यांनी नाकावर उपरणे बांधून बाटली फोडली, अत्तर उटीत कालवले आणि देवाच्या अंगाला लावले. थोड्याच वेळात गाभाऱ्यातून करपल्याचा उग्र वास येऊ लागला. भट्टीवरच्या भांड्याचा तळ लागला होता, अत्तर जळके उतरले होते, आणि न हुंगण्याच्या नियमापायी कोणाला पत्ताच नव्हता. ऐन उत्सवात माणसे नाक धरून बाहेर पळाली. शेटचा चेहरा पांढराफटक पडला.

महाराज मात्र पायरीवर आले, जुडी उचलली आणि मोठ्या आवडीने हुंगू लागले. पुजारी म्हणाले की, ती उष्टी आहे.

महाराज म्हणाले, "नाक देवानेच दिले ना? मग हुंगण्याचा त्याला विटाळ कसा होईल? आणि ही मुळी कोरडी आहे हो. तिला पाणी कोणी विचारले?"

त्यांनी जुडी सुपडाबाईच्या हातात दिली, जुडीवर देवाचे तीर्थ शिंपडले आणि बाईला गाभाऱ्यात नेले. बाईने जुडी देवाच्या पायांशी ठेवली. काय आश्चर्य! उटीतला करपट वास पार निघून गेला. गाभारा, सभामंडप, घाट, सगळीकडे वाळ्याचा गारवा दरवळला. पैलतीरावर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून इकडे बघू लागल्या. मूठभर मुळ्यांत एवढा वास मावला कसा, हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही.

सुपडाबाई देवाकडे बघून एवढेच म्हणाली, "चुकला नाही हो."

भिकनशेट खांबाशी उभे होते. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात वर केला आणि ते चमकले. ज्या हाताने जुडी टाकली होती, त्याच्या तळव्यालाही तोच वास येत होता.

महाराज त्यांच्याजवळ गेले आणि नेहमीच्याच कुतूहलाने त्यांनी विचारले, "शेट, तुमचा तर हाच धंदा. वास राहतो तरी कुठे?"

शेट वाकले आणि त्यांनी सुपडाबाईच्या पायांवर डोके ठेवले.